यादीतला पाचवा रकाना

(नांदगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी याच गावचा. इंजिनिअरिंगसाठी बाहेर पडलो, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मी मौलाना नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. आज बोलायला उभा आहे तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आम्ही मित्रांनी वर्गणी काढली आणि धान्य, चादरी, औषधं भरून टेम्पो नेला. कॉम्प्युटरवाला म्हणून यादी माझ्याकडे. मी तक्ता केला: नाव, गाव, घरातली माणसं, नुकसान. आणि पाचवा रकाना, धर्म. तो टाक असं मला कोणी सांगितलं नव्हतं. वर्गणी देताना एका चाचांनी एवढंच विचारलं होतं, "बेटा, तिथं आपली घरं किती?" तेवढं पुरलं.

एका शाळेत वाटप चालू होतं. शेजारच्या वर्गात एका चर्चच्या मंडळीतले लोक होते. त्यांच्यातले एक वयस्कर मराठी ख्रिस्ती काका माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "हा पाचवा रकाना भरून पुढं काय करणार?" मला उत्तर देता येईना. ते टोमणा मारत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडंही होता. काढायला फार वर्षं लागली."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो.

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या भागानं सोसलाय. त्या वेळी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम होते. जन्म मुंबईचा, मराठी बोलणारे. अमेरिकेतून येणाऱ्या मदतीची व्यवस्था त्यांनी पाहिली. न्यू यॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानं वाचकांना हाक दिली. वाचक म्हणजे बहुतेक साधी, रविवारी चर्चला जाणारी माणसं. त्यांच्या पैशातून सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टन मका घेतला गेला आणि १९०० साली 'क्विटो' नावाच्या जहाजातून मुंबईला आला. विचार करा, देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हिंदुस्थान नकाशातच पाहिला असेल.

इथंच थांबलो तर गोष्ट छान वाटेल. पण पुढचंही सांगायला हवं. दुष्काळात अनाथ झालेली हजारो मुलं मिशनच्या अनाथालयांत गेली आणि त्याच धर्मात वाढली. "पोटासाठी बाटले" हा टोमणा मराठी ख्रिस्ती कुटुंबं आजही ऐकतात. तो मारण्याचा हक्क मला नाही. त्यातले कितीतरी जण अशा जातींचे होते की गावानं त्यांना विहिरीवर पाणीही भरू दिलं नव्हतं. पण भुकेलेल्या मुलाला निवड नसते, हेही खरं. ज्याच्या हातात भाकरी असते, त्याच्या हातात सत्ता असते. मग ती भाकरी चर्चची असो, देवस्थानची असो की आपल्या मशिदीची.

काकांनी सांगितलेली "फार वर्षं" ती हीच. १९९४ मध्ये मदतकार्याची एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार झाली. मदत गरज पाहून द्यायची, वंश किंवा धर्म पाहून नाही. आणि मदतीचा वापर कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रचारासाठी करायचा नाही. ती पुरस्कृत करणाऱ्या आठ संस्थांमध्ये रेड क्रॉसच्या दोन संस्था, ऑक्सफॅम आणि सेव्ह द चिल्ड्रन होत्या. उरलेल्या चार चर्चशी जोडलेल्या: कॅरिटास, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस. ज्यांच्यावर आरोप होता, त्यांनीच नियमावर सही केली. सगळे तो पाळतात असं मी म्हणत नाही. पण नियम लिहिलेला असला की बोट ठेवून विचारता येतं.

आता आपल्या मनाजवळचं एक ठिकाण घेऊ. नाशिकचा शरणपूर रोड तुम्ही पाहिलाय. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं शिकली. त्यातली बरीच जहाजं अरब व्यापाऱ्यांची होती, हेही आपण मान खाली न घालता, पण कान उघडे ठेवून ऐकावं. याच सोसायटीनं १८८२ मध्ये गाझात एक दवाखाना काढला. आज तो अल-अहली हॉस्पिटल म्हणून ओळखला जातो आणि जेरुसलेमचं अँग्लिकन चर्च तो चालवतं. गाझात ख्रिस्ती लोक फारच थोडे. म्हणजे तिथले रुग्ण जवळजवळ सगळे मुसलमान. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच्या आवारात स्फोट होऊन आसरा घेतलेली माणसं गेली. एप्रिल २०२५ मध्ये पाम संडेच्या दिवशी त्यावर इस्रायलनं हल्ला केला. तरी काम पुन्हा सुरू झालं.

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये गुड फ्रायडेला जमलेलं दान १९२२ पासून जेरुसलेम आणि मध्यपूर्वेतल्या चर्चच्या कामासाठी जातं. युद्ध असो वा नसो, दरवर्षी. आपण गाझाचे फोटो स्टेटसला ठेवतो, रडतो, दुआ करतो. ते खोटं नाही. पण आपल्या मोहल्ल्यात अशी शंभर वर्षं चाललेली एकतरी वही आहे का?

कोणी म्हणेल, आपल्यावर वेळ येते तेव्हा कोण धावतं? दंगलीत घर जळालं की आपलेच लोक उभे राहतात. हे दुःख खरं आहे, मी ते हलकं करत नाही. पण गरज हाच निकष लावला, तर आपल्या पत्र्याच्या वस्त्या यादीतून गळत नाहीत, उलट वर येतात.

आणि हे परकं नाही. मिस्कीन, यतीम आणि कैद्याला जेवू घालून आभाराचीही अपेक्षा न ठेवणाऱ्यांचं कौतुक आपल्याकडंच शिकवलं जातं. जकातीच्या वाटपाबद्दल उलेमांची मतं वेगळी आहेत, म्हणून जकात वेगळी ठेवा. पण नफल सदका कोणत्याही गरजूला देता येतो. इस्लामिक रिलीफ आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशननं २०१४ मध्ये एकत्र काम करण्याचा करार केला. ते जमवू शकतात, तर नांदगावला काय अडतं?

माझं मागणं छोटं आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम, मग ती वीस रुपये का असेना. दोघांनी मिळून मोजायची, वहीत लिहायची, हिशेब सगळ्यांना दिसेल असा लावायचा. आपल्या तालुक्यात टँकर दरवर्षी कुठं ना कुठं लागतो, त्यामुळे सुरुवातीला लांब जायला नको. ज्या वाडीवर पाणी आधी संपतं, तिथं आधी.

त्या दिवशी शाळेत मी पाचवा रकाना पुसला. त्या जागी लिहिलं, "घरात आजारी किंवा म्हातारं कोणी आहे का?" वाटप लवकर उरकलं आणि जास्त बरोबर झालं. चाचांना परत आल्यावर यादी दाखवली. त्यांनी खालपर्यंत वाचली, काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात वर्गणी मात्र त्यांनीच घरी आणून दिली.

वही मी आणली आहे. पहिलं पान कोरं आहे.