पारितोषिक आणि पगार



चित्रपटांच्या पारितोषिकांवर बोला, असे संयोजकांनी सांगितले तेव्हा मी प्रथम गोंधळलो. ज्याची उमेद बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत मागणीपत्रे लिहिण्यात आणि फाटकापुढे बोलण्यात गेली, त्याने नटनट्यांच्या पदकांविषयी काय सांगावे? पण वाचू लागलो तसे ध्यानात आले की, हा विषय माझ्या कामाबाहेरचा नाही. कामाचा मोबदला किती द्यावा आणि कामाची वाहवा कोणाच्या नावाने करावी, हे प्रश्न रसायनाच्या कारखान्यात जसे असतात तसेच चित्रपटाच्या कारखान्यातही असतात. तेव्हा आज मी कलेची समीक्षा करणार नाही. ती माझी योग्यता नव्हे. मी पारितोषिकाकडे कामगाराच्या बाजूने पाहणार आहे.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करतो. उषा किरण हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. त्यांचे माहेरचे आडनाव मराठे. जन्म १९२९ सालचा, वसईचा. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि ती आपल्या जिल्ह्यात आली. या वसईच्या मुलीला १९५५ साली 'फिल्मफेअर'चे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. या प्रकारचे ते पहिलेच पारितोषिक. आदल्या वर्षी, म्हणजे २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात ही पारितोषिके सुरू झाली तेव्हा ती केवळ पाच होती : चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. 'दो बिघा जमीन', बिमल रॉय, दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि नौशाद हे त्या पहिल्या वर्षीचे मानकरी. निवडीसाठी वाचकांची मते मागवली होती. सहायक भूमिकांची आठवण दुसऱ्या वर्षी झाली.

उषा किरण यांना पारितोषिक मिळाले ते 'बादबान' या चित्रपटासाठी. बादबान म्हणजे गलबताचे शीड. कथा दर्याकाठच्या कोळ्यांची. पण मला या चित्रपटाचे अगत्य वाटते ते आणखी एका कारणाने. तो कोणा शेठजीने काढलेला नव्हता. त्याचे निर्माते होते बॉम्बे टॉकीजचे कामगार!

बॉम्बे टॉकीज ही कंपनी हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला उभारली. तो काळच स्टुडिओंचा होता. पुण्याच्या प्रभातमध्ये काय किंवा मालाडला काय, नटापासून सुतारापर्यंत बहुतेक सारे महिन्याच्या पगारावर असत. हजेरी लागे, भोंगा नसला तरी वेळ असे. एका कुंपणाच्या आत पटकथा लिहिली जाई, देखावे उभे राहत, कपडे शिवले जात आणि फिल्म धुतली जाई. चित्रपट म्हणजे शुद्ध कारखान्याचा माल होता, हे म्हणण्यात मी त्याचा अपमान करीत नाही, गौरवच करतो. १९४३ सालचा या कंपनीचा 'किस्मत' कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पुढे भांडणे झाली, कर्ज झाले, आणि कंपनी डबघाईस आली. तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढली आणि तिच्या नावाने १९५४ साली 'बादबान' पडद्यावर आणला. फणी मुजुमदार दिग्दर्शक होते. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी, उषा किरण यांनी कामे केली.

कंपनी मात्र वाचली नाही. त्याच सुमारास तिला कायमचे टाळे लागले. मालाडला आजही 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' हे नाव आहे, पण तेथे आता लहानसहान कारखान्यांची दाटी आहे. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था कशा चालवल्या, हे आपण जवळून पाहिले आहे. म्हणून या कामगारांचे धाडस आपल्याला अधिक कळावे. पुढे १९६९ सालासाठी भारत सरकारने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान देविकाराणींना मिळाला. तो योग्यच होता. उषा किरण यांचा मानही योग्यच होता. पण ज्यांनी बुडत्या कंपनीत शेवटचा चित्रपट उभा केला, त्या सुतार-शिंप्यांची नावे आज आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय? शीड लांबून दिसते. तळाच्या फळ्या पाण्याखाली असतात.

येथे कोणी म्हणेल, पारितोषिके कलावंतांसाठी असतात, कामगारांचा त्यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो पारितोषिकांच्या जन्मापासून आहे. अमेरिकेत हॉलिवूडच्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९२६ मध्ये सुतार, रंगारी, वीजकामगार, वादक इत्यादींच्या संघटनांशी करार केला. आता नट आणि लेखकही संघटना करतील, ही धास्ती पडली. जानेवारी १९२७ मध्ये लुई मेयर या बड्या मालकाच्या पुढाकाराने एक अकादमी काढण्याचे ठरले. तंटे आपसात मिटवावेत, बाहेरची संघटना आत येऊ नये, हा तिचा एक उघड हेतू होता. ऑस्कर म्हणून जगभर गाजलेले पारितोषिक या अकादमीचे. त्याचा पहिला समारंभ १९२९ सालचा. १९३३ साली मंदीत पगारकपात आली आणि अकादमीने कामगारांची बाजू घेतली नाही, असे लोकांना वाटले. त्याच वर्षी नटांची आणि लेखकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९३६ साली डडली निकोल्स या लेखकाला 'द इन्फॉर्मर'च्या पटकथेसाठी ऑस्कर जाहीर झाले. लेखकांच्या संघटनेशी इमान राखून त्याने ते नाकारले.

आपल्याकडे सरकारी पदके १९५४ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक. त्यावरचा मराठी चित्रपट साऱ्या हिंदुस्थानात पहिला आला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण पदक चित्रपटाचे होते. आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई, श्याम झालेला लहानगा माधव वझे, यांच्या नावाचे वेगळे पदक नव्हते. नट आणि तंत्रज्ञ यांना स्वतःच्या नावाने मान मिळू लागला तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून. साहसदृश्यांच्या दिग्दर्शकाला राष्ट्रीय पारितोषिक मिळायला २०१७ साल उजाडले. नायकाऐवजी गच्चीवरून उडी टाकणारा माणूस त्रेसष्ट वर्षे थांबला होता!

आणि करार? चित्रपट कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे, असा कायदा संसदेने केला १९८१ साली. पहिल्या पदकानंतर सत्तावीस वर्षांनी. सोने आधी आले आणि कागद मागाहून आला. आपल्या कारखान्यांतही हाच क्रम असतो.

मग पारितोषिक म्हणजे मालकांची युक्ती, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? एके काळी मी तसा निकाल दिला होता. त्याची गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी येथल्या एका कारखान्यात आमचे मागणीपत्र चौदा महिने पडून होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. अशात व्यवस्थापनाने वार्षिक समारंभात एका कामगाराला 'उत्कृष्ट कामगार' म्हणून गौरविले : एक भिंतीवरचे घड्याळ, पाचशे एक रुपये आणि चौकटीतले प्रशस्तिपत्र. रिॲक्टरवर बावीस वर्षे काम केलेला, एकही अपघात होऊ न दिलेला माणूस. मी फाटकसभेत सांगितले, हे बक्षीस नव्हे, ही फोडाफोडी आहे, परत करा. टाळ्या पडल्या. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही वस्तू कार्यालयात नेऊन दिल्या. पुढे करार झाला, पगारवाढ झाली, त्यालाही मिळाली.

तो निवृत्त झाला त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. भिंतीवर देवांच्या तसबिरी, मुलांचे फोटो, आणि मधोमध एक रिकामा खिळा. मी सहज पाहिले तर त्याची पत्नी म्हणाली, "भाऊ, समारंभाच्या आदल्या रात्रीच ठोकला होता ह्यांनी. मग काढायचं राहूनच गेलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. चहा घेऊन मी उठलो. त्या घरातून स्टेशनपर्यंत मी चालत आलो, तो रस्ता मला फार लांब वाटला.

बावीस वर्षांत त्या माणसाचे नाव एकदाच कोणी व्यासपीठावरून पुकारले होते. ते पुकारणारे आम्ही नव्हतो, हा दोष आमचा होता. आणि नाकारायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता. तो मी टाळ्यांच्या गजरात काढून घेतला. निकोल्सने पारितोषिक नाकारले ते स्वतः. त्यामुळे त्याच्या नकाराला तेज आले. माझ्या मित्राच्या नकाराला ते नव्हते, कारण तो नकार माझा होता आणि किंमत त्याची.

नकार कसा असावा, हे लता मंगेशकरांनी दाखवले आहे. १९५७ साली 'चोरी चोरी'च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशन यांना 'फिल्मफेअर'चे पारितोषिक मिळाले. समारंभात त्यातले गाणे लताबाईंनी म्हणावे, अशी जयकिशन यांची इच्छा. लताबाईंनी साफ सांगितले : पारितोषिक संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही, तेव्हा वाद्यवृंदच वाजवा. हा संप एका माणसाचा होता, पण मागणी साऱ्या गायकांची होती. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक निघाले, आणि 'मधुमती'तील गाण्यासाठी ते प्रथम लताबाईंनाच मिळाले. पुरुष आणि स्त्रिया मिळून एकच. ती दोन व्हायला आणखी काही वर्षे गेली.

या साऱ्यातून मी शिकलो ते थोडक्यात सांगतो. पगार हा हक्क आहे. तो बक्षिसाच्या रूपाने घेऊ नये, आणि बक्षीस मिळाले म्हणून सोडूही नये. पण माणसाला पगाराइतकीच आपल्या नावाचीही भूक असते. ही भूक आम्ही संघटनावाल्यांनी हलकी मानली, म्हणून ती भागवण्याचे काम मालकांच्या हाती गेले. आता आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचे खाते आणि नोकरीची वर्षे व्यासपीठावरून वाचली जातात. पहिला-दुसरा क्रमांक नाही. आपल्या पालघरच्या हुतात्मा स्तंभावर १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांचे स्मरण आहे. त्यांत कोणी पहिला नाही आणि कोणी सहायक नाही. सन्मानाची ही रीत मला आपल्या गावानेच शिकवली.

त्या मित्राला मी पहिल्या वर्षी बोलावले होते. तो आला, नाव ऐकले, आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. आम्ही त्याला प्रशस्तिपत्र दिले. तो खिळा अजून रिकामा आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.