सूर्य कशाचा बनला आहे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी ‘आधुनिक पदार्थविज्ञानाचे शिल्पकार’ असा भारदस्त विषय चिटणीसांनी सुचविला होता. त्याखाली आइन्स्टाइन, बोर, रदरफर्ड अशी थोरामोठ्यांची मिरवणूक काढता आली असती. परंतु एका तासात दहा चरित्रे सांगणे म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून दहा गावे पाहणे. आणि तसला प्रवास आपण परमुलखातली मंडळी दर उन्हाळ्यात पुरेसा करतोच. म्हणून आम्ही एकाच गावी उतरण्याचे ठरविले आहे. सेसिलिया पेन या विदुषीने १९२५ साली एक प्रबंध लिहिला. त्या प्रबंधातील एका वाक्याची ही हकिकत आहे. ते वाक्य त्यांनी स्वतःच्याच शोधाविरुद्ध लिहिले होते.

पेनबाईंचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडातील वेंडोव्हर गावी झाला. त्या चार वर्षांच्या असतानाच वडील वारले. १९१९ साली त्या केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात दाखल झाल्या, त्या वनस्पतिशास्त्र शिकण्याच्या इराद्याने. त्याच वर्षी मे महिन्यातील खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचे किरण सूर्याजवळून येताना वळतात की नाही, हे पाहण्यासाठी एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले होते. परत आल्यावर केंब्रिजला त्यांचे व्याख्यान झाले. पेनबाईंजवळ तिकीट नव्हते. एका मैत्रिणीला जाता येईना म्हणून तिचे तिकीट त्यांना मिळाले. व्याख्यान ऐकून त्या खोलीवर आल्या आणि जवळजवळ शब्दन् शब्द उतरवून काढला. पुढच्या तीन रात्री त्यांना झोप लागली नाही, असे त्यांनीच नमूद केले आहे. वनस्पतिशास्त्र मागे पडले, पदार्थविज्ञान पुढे आले.

तेथे रदरफर्ड शिकवीत. स्त्रियांनी पहिल्या रांगेत बसावे असा नियम होता, आणि वर्गात पेनबाई एकट्याच. रदरफर्ड त्यांच्याकडे रोखून पाहत ‘स्त्रियांनो’ या शब्दावर भलताच जोर देऊन आरंभ करीत. मग मागची मुले बाके आणि पाय आपटीत. इतका मोठा शास्त्रज्ञ, आणि हा पोरकटपणा! अभ्यासक्रम पुरा झाला तरी पदवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास १९४८ साली आरंभ केला. इंग्लंडात राहून फार तर शाळेत शिकविता आले असते. म्हणून १९२३ साली एक शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत, हार्वर्डच्या वेधशाळेत गेल्या.

या वेधशाळेत काचेच्या हजारो पट्ट्यांवर ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे साठविलेली होती. वर्णपट म्हणजे काय, हे शाळकरी श्रोत्यांसाठी सांगतो. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरला की रंगांचा पट्टा दिसतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा आढळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. जणू त्या द्रव्याची स्वाक्षरीच. ॲनी जंप कॅनन यांनी याच वेधशाळेत बसून सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे या रेषांवरून वर्ग पाडले होते. वर्ग पडले, पण रेषा एका ताऱ्यात ठळक आणि दुसऱ्यात पुसट का, हे कोडे सुटले नव्हते.

त्याची किल्ली निघाली कलकत्त्यात. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचे पुत्र मेघनाद साहा. १९०५ च्या वंगभंगाच्या चळवळीत भाग घेतला म्हणून या मुलाला सरकारी शाळेतून काढून टाकले आणि शिष्यवृत्तीही बंद केली. हाती मोठी दुर्बीण नाही, सुसज्ज प्रयोगशाळा नाही. अशा स्थितीत साहांनी १९२० साली एक समीकरण प्रसिद्ध केले. अमुक तापमानाला व अमुक दाबाला एखाद्या द्रव्याच्या किती अणूंतून इलेक्ट्रॉन निसटलेले असतील, हे त्यावरून काढता येते. रेषेचा ठळकपणा केवळ द्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावरही अवलंबून असतो, हे त्यातून उघड झाले. केंब्रिजमध्ये मिल्न यांनी पेनबाईंना सुचविले होते की, तुमच्याजागी मी असतो तर हार्वर्डचे वर्णपट घेऊन साहांचा सिद्धांत पडताळून पाहिला असता. त्यांनी नेमके तेच केले. दोन वर्षे, दिवसरात्र.

आता मुद्द्याची गोष्ट. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची दाटी आहे. त्यावरून सूर्य आणि पृथ्वी एकाच मसाल्याचे, फक्त सूर्य तापलेला, असे बहुतेक सारे पंडित मानीत. हायड्रोजनच्या रेषा मोजक्याच. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या त्या रेषा उमटण्यासाठी हायड्रोजनचा अणू आधी उत्तेजित झालेला असावा लागतो, आणि सूर्याच्या पृष्ठभागावरील साडेपाच हजार अंशांच्या उष्णतेत असा अणू कोट्यवधींत एखादाच. कोट्यवधींतला एखादा बोलतो आणि तरीही आवाज इतका स्पष्ट येतो, तर मुके बसलेले किती असतील? पेनबाईंनी हिशेब मांडला. बहुतेक मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण पृथ्वीशी जुळले. पण हायड्रोजन धातूंच्या मानाने सुमारे दहा लाख पट निघाला. हेलियमही अफाट.

हेलियमचे नाव निघालेच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. विजयदुर्गावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियरने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्या वर्षी १८ ऑगस्टचे ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिले. लॉकियर होता इंग्लंडात, आणि ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच त्याने सूर्याच्या ज्वाला वर्णपटात पाहिल्या. विजयदुर्गास तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. कोकणच्या कौतुकात आम्ही कोणाला हार जाणारे नाही. पण सनावळी सांभाळली पाहिजे.

प्रबंधाचा मसुदा प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे गेला. ताऱ्यांच्या अभ्यासात त्यांचा शब्द अखेरचा. उत्तर आले की, हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणे उघडउघड अशक्य आहे. पंचवीस वर्षांची, परदेशात एकटी राहणारी मुलगी; पुढची नोकरी अशाच लोकांच्या शिफारशीवर अवलंबून. आकडे प्रबंधात तसेच राहिले. पण सोबत एक वाक्य आले: हे प्रचंड प्रमाण जवळजवळ निश्चितपणे खरे नाही. पुढे त्या केंब्रिजला गेल्या असता त्यांनी एडिंग्टन यांनाही हायड्रोजनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ताऱ्यांत नव्हे, ताऱ्यांवर म्हणायचे असेल तुम्हाला!

चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांनी पेनबाईंच्या कामाचा उल्लेख केला. तरीही पुष्कळ वर्षे श्रेय रसेल यांच्याच नावे जमा होत राहिले.

रसेल यांना खलनायक ठरविणे सोपे आहे. आम्हाला ते जमत नाही, कारण आम्ही स्वतः तेच केले आहे. पदार्थविज्ञान शिकवीत असताना सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी काढण्याचा प्रयोग असे. पुस्तकातला आकडा ५८९३ अँगस्ट्रॉम. एका विद्यार्थिनीचा आला ५६७० च्या आसपास. आम्ही लाल शाईची फुली मारली. तिने पुन्हा कोन मोजले, पुन्हा तेच. “सर, यंत्रातच काही असेल का?” असे तिने विचारलेही. यंत्राला नावे ठेवू नयेत, असे आम्ही सुनावले. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत ५८९३ आले आणि आम्ही ‘उत्तम’ असा शेरा दिला. वर्षअखेरीस सामानाची मोजदाद करताना उलगडा झाला: त्या ग्रेटिंगवर डकविलेली चिठ्ठी दुसऱ्याच ग्रेटिंगची होती. तिचे कोन पहिल्यापासून बरोबर होते. मुलगी तोवर उत्तीर्ण होऊन गावी गेली होती. आम्ही पत्र लिहावयास घेतले, ते पुरे झाले नाही.

पेनबाईंनी उतारवयात आत्मवृत्त लिहिले, त्यात दोष रसेल यांना दिला नाही. आपले बरोबर आहे असे वाटत असताना आपणच अधिकाराच्या शब्दापुढे नमलो, असे म्हणून त्यांनी तो स्वतःकडे घेतला. हा त्यांचा मोठेपणा. मात्र हा हिशेब आम्हाला पुरता पटत नाही. पंचविशीतल्या त्या मुलीपाशी नमण्याखेरीज दुसरे काय होते?

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३४ साली त्यांनी सर्गेई गापोश्किन या रशियन ज्योतिर्विदाशी विवाह केला. तीन मुले झाली. पगार तुटपुंजा. त्या शिकवीत ते अभ्यासक्रम १९४५ पर्यंत हार्वर्डच्या सूचिपत्रात छापलेच जात नसत. १९५६ साली त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि विभागप्रमुखही. ज्योतिर्विद ऑटो स्ट्रूव्ह यांनी त्यांच्या प्रबंधाला खगोलशास्त्रातील सर्वांत तेजस्वी प्रबंध म्हटले. १९७६ साली अमेरिकेच्या खगोलशास्त्र संस्थेने त्यांना आपला मोठा सन्मान दिला. तो हेन्री नॉरिस रसेल यांच्या नावाचा होता. ७ डिसेंबर १९७९ रोजी त्या निवर्तल्या. साहा त्याआधीच, १६ फेब्रुवारी १९५६ रोजी, दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जाताना कोसळले होते.

सूर्याच्या वस्तुमानात आज सुमारे पाऊण भाग हायड्रोजन आणि पाव भाग हेलियम मानतात. लोखंड, सोने, चुना आणि बाकी सर्व मिळून शेकडा दोनही भरत नाही.

मंडळाच्या तरुणांनी वर गच्चीवर दुर्बीण लावली आहे, तेव्हा आणखी खोळंबा करीत नाही. मृग नक्षत्र चांगले वर आले आहे. त्यात काक्षी तांबूस दिसेल आणि राजन्य निळसर पांढरा. रंग निराळे आहेत ते तापमानामुळे. वरचे थर दोघांचेही बहुतांशी हायड्रोजनचेच. मुलांना आधी पाहू द्यावे, आणि जिना अरुंद आहे, सावकाश चढावे.