आपल्या मातीतला खांब



आज आम्ही एका खेळाविषयी आणि एका माणसाविषयी बोलणार आहोत. खेळ आपल्या मातीतला. माणूस मुंबईचा. खेळाचे नाव मल्लखांब. माणसाचे नाव उदय देशपांडे.

मल्लखांब आपल्या मातीतला कसा? सांगतो. निफाड तालुक्यात गोदाकाठी कोठुरे गाव आहे. बाळंभटदादा देवधर हे तिथले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले ते नामांकित मल्ल. जुनी माणसे सांगतात, दादांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर तप केले आणि मारुतीरायाने त्यांना लाकडावरचे डाव दाखवले. ही झाली कथा. पण मागे पडलेली ही विद्या दादांनी पुन्हा उभी केली. त्यांच्या शिष्यांनी ती पुढे नेली.

खांब म्हणजे सागाचे किंवा शिसवीचे गुळगुळीत लाकूड. ते जमिनीत घट्ट पुरतात. वर सुमारे साडेआठ फूट राहते. खाली जाड, वर निमुळते. टोकाला बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग. लाकूड अंगाला घासू नये म्हणून एरंडेल लावतात. दोरीवरचा मल्लखांबही असतो. हा खेळ मुलगे खेळतात, मुलीही खेळतात. त्याने हातापायाला पकड येते, पाठ लवचिक होते, मनाची भीती जाते.

दूर नॉर्वे देशात हिवाळाभर बर्फ असतो. तिथली माणसे पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत ये-जा करीत. पुढे त्याचाच खेळ झाला. त्याला स्कीइंग म्हणतात. आज तो जगभर खेळतात. त्या लोकांनी आपल्या दारचा खेळ जपला. आपण जपला का?

इथे आम्हाला आमची चूक सांगितली पाहिजे. आम्ही हेडमास्तर होतो तेव्हा शाळेमागे एक जुना खांब होता. दोन पोरं रोज संध्याकाळी त्यावर चढायची. एकदा गावात लग्न निघाले. मांडवाला मेढ कमी पडली. लोक मागायला आले. आम्ही म्हटले, "न्या उपटून." खांब गेला तो परत आला नाही. संध्याकाळी ती पोरं आली. खड्ड्यापाशी उभी राहिली. आमच्याकडे बघितले आणि काही न बोलता घरी गेली. ते बघणे आम्ही अजून विसरलो नाही.

आता देशपांडे यांचे ऐका. मुंबईत दादरला शिवाजी पार्कावर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. ते लहानपणी तिथे खेळायला गेले, आणि तिथलेच झाले. पोटासाठी नोकरी केली. उरलेला वेळ मैदानाला दिला. अनाथ मुलांना शिकवले. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्या मुलींनाही शिकवले. परदेशातून माणसे शिकायला आली. सुमारे ५० देशांतल्या ५ हजारांहून अधिक जणांना त्यांनी हा खेळ दिला. २०१९ साली शिवाजी पार्कावर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मंडळी, पद्मश्री एका दिवशी मिळते. पण त्यामागे हजारो संध्याकाळी असतात. कुणी बघायला नसताना पोरांच्या पाठीला हात लावून उभे राहायचे, ही खरी सेवा.

पिकते तिथे विकत नाही, असे म्हणतात. परदेशी माणूस समुद्र ओलांडून हा खेळ शिकायला येतो, आणि कोठुऱ्याच्या शेजारची आपली पोरं त्याला ओळखत नाहीत. हे बरे नव्हे.

तेव्हा आमचे एकच मागणे आहे. खांबाचे लाकूड आम्ही देतो. ते आमचे देणेच आहे. पुरायला चार हात द्या. खाली जाड गादी हवी. जाणत्या माणसाशिवाय कुणी चढायचे नाही, हा नियम ठेवू. तुमच्यापैकी एकाने नीट शिकून यावे, आणि रोज संध्याकाळी एक तास द्यावा.

कोण देणार? हात वर करा. आम्ही नाव लिहून घेतो.