कोलेस्टेरॉल आणि कावेरीकाठचा कोंडा
(वासंतिक व्याख्यानमालेतील भाषण, थोडं आवरून)

तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु आहे. संत त्यागराजांची समाधी तिथलीच. 1847 साली पौष वद्य पंचमीला ते गेले. आजही त्या तिथीच्या आराधनेला शेकडो गवई मांडी घालून एकसाथ त्यांच्या पंचरत्न कृती गातात आणि त्यांच्या उंछवृत्तीचं स्मरण म्हणून भजन करत फेरी निघते. त्यागराज दारोदार गात फिरायचे, झोळीत पडेल त्या कोरान्नावर घर चालायचं. आज मी बोलणार आहे ते गाण्यावर नाही, त्या झोळीतल्या तांदळावर. गिरण्या यायच्या होत्या. म्हणजे तो तांदूळ उखळात सडलेला, थोडाफार कोंडा अंगावर राखलेला.

आता गिरणीत 100 किलो भात घातलं तर सुमारे 20 किलो तूस निघतं आणि सात-आठ किलो कोंडा. शुभ्र तांदूळ आपल्या पानात, कोंडा गुरांना किंवा तेलाच्या घाण्याला. त्या कोंड्यात तेल असतं, तेलात ओरायझॅनॉल आणि इतर वनस्पती स्टेरॉल असतात. कोंडा मात्र नाठाळ. गिरणीतून बाहेर पडला की काही तासांतच त्यातलं विकर तेल खवट करायला लागतं. उकड्या तांदळाचा कोंडा टिकतो, कारण उकडताना ते विकर मरतं. तमिळनाडूत उकडा तांदूळ घरोघर, त्यामुळे तिथल्या कोंड्याला तेलाच्या दृष्टीने मोल. भातावरच्या प्रक्रियांचं संशोधन करणारी जुनी सरकारी संस्था तंजावरलाच आहे, हे मला अगदी योग्य वाटतं.

हे स्टेरॉल करतात काय? दिसायला ते कोलेस्टेरॉलचे जुळे भाऊ. आतड्यात कोलेस्टेरॉल पित्ताच्या बारीक थेंबांत बसूनच शोषलं जातं. स्टेरॉल तिथे आधी रुमाल टाकून जागा धरतात, अगदी आपल्या एसटीतल्यासारखं. कोलेस्टेरॉल उभंच राहतं आणि शौचावाटे निघून जातं. स्टेरॉल स्वतः रक्तात फारसे शिरत नाहीत. रोज 2 ग्रॅम स्टेरॉल पोटात गेले तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आठ ते दहा टक्के उतरतं, हे पुष्कळ चाचण्यांत दिसलं आहे.

आणि इथेच जाहिरातवाले आपल्याला फसवतात. कोंड्याच्या 100 ग्रॅम तेलात स्टेरॉल सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. 2 ग्रॅम हवे तर दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर तेल प्यायला लागेल! दोन मोठे चमचे तेलातून मिळतात तीन-चार दशांश ग्रॅम. म्हणून फिनलंडमध्ये 1995 साली स्टॅनॉल, म्हणजे स्टेरॉलचाच भाऊबंद, घातलेलं मार्गारीन बाजारात आलं. कोंड्याचं तेल वाईट नाही. पण ‘हृदयासाठी’ असं डब्यावर छापलंय म्हणून भजी दुप्पट तळायची नाहीत.

ओट्सचं गणित त्यापेक्षा सोपं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात आणि काम झालं की बहुतेक परत शोषली जातात. ओट्समधलं बीटा-ग्लुकन पाण्यात विरघळून बुळबुळीत होतं, पित्ताम्लं त्यात अडकून बाहेर पडतात. मग नवी बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं, म्हणजे कोरडे ओट्स साधारण 75 ग्रॅम. मसाला ओट्सच्या छोट्या पुडीने निम्म्याची सोय होते, वर मीठ फुकट. ओट्स कावेरीकाठी पिकत नाहीत आणि तांदळाच्या कोंड्यातले तंतू बहुतांशी न विरघळणारे, म्हणजे कोंडा हा ओट्सचा बदली खेळाडू नव्हे. जवामध्ये मात्र बीटा-ग्लुकन भरपूर असतं. इसबगोलही त्याच पंथातलं.

तंजावरला आपल्या भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं, आणि सांबार आपल्याच मुदपाकखान्यात जन्मलं असं आपण छाती फुगवून सांगतो. दंतकथा आहे, असू दे. पण 2003 साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी जो आहार तपासला त्यात ओट्स, जव, इसबगोल, सोया, बदाम, स्टेरॉलचं मार्गारीन आणि चक्क सांबारातलं भेंडी-वांगं होतं. महिनाभर बहुतेक अन्न संशोधकांनीच पुरवलं, तेव्हा एलडीएल सुमारे 29 टक्के उतरलं. स्टॅटिनची गोळी घेणाऱ्या गटात 31. पुढे लोकांना नुसता सल्ला देऊन आपापल्या घरी जेवायला सोडलं, तेव्हा सहा महिन्यांनी उतार भरला तेरा-चौदा टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. त्यात सासूबाईंचा आग्रह आणि लग्नाच्या पंगती धरलेल्या आहेत.

आता तिरुवैयारुचा अशोका. शिजवलेली मूगडाळ, साखर, थोडी कणीक आणि सगळं मिळून येईपर्यंत तूप. केशरी गोळा, बोटांना तूप सोडणारा. डाळ बिचारी गुणाची आहे. पण तुपातली साठेक टक्के चरबी संपृक्त, आणि तीच यकृताला एलडीएल उचलू देत नाही. सकाळी ओट्स खाल्ले म्हणून संध्याकाळचा अशोका माफ होत नाही. आराधनेला गेलात तर जरूर खा, मीही खातो. घरी परातभर करून आठवडाभर पुरवू नका.

ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा मधुमेह आहे त्यांनी यातलं काही ऐकून गोळी बंद करायची नाही. आणि सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, त्यात हेच स्टेरॉल रक्तात साठतात. अशांनी ते टाळायचे. बाकीच्यांनी आज लिपिड प्रोफाइल करून घ्या, जेवणात बदल करा, आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या.