मेंदूच्या प्रयोगशाळेतली माणसं
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय 'मेंदूचं आरोग्य आणि वार्धक्य' असा जाहीर झाला आहे. बदाम किती खावेत, शब्दकोडी सोडवावीत का, असे प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. काय करावं याबद्दल शेवटी बोलेनच. पण ज्या माणसांमुळे आपल्याला या विषयातलं काही कळलं, त्यांच्याविषयी आधी बोलायचं आहे.

प्रयोगशाळा म्हटलं की पांढरे कोट आणि एमआरआयचं यंत्र डोळ्यांसमोर येतं. मेंदूच्या म्हातारपणाचा अभ्यास मात्र नुसत्या यंत्रांवर उभा राहत नाही. जिवंत माणसाचा मेंदू कापून पाहता येत नाही. मृत्यूनंतर तो हाती आला, तरी हा माणूस विशीत कसा लिहीत होता, सत्तरीत त्याला काय आठवत होतं, हे त्या मेंदूवरून वाचता येत नाही. डॉ. आलॉइस अल्झायमर यांना हीच अडचण होती. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली त्यांना भेटलेल्या ऑगस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाई १९०६ मध्ये वारल्या. डॉक्टर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी मेंदू तिथे मागवून घेतला. पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पण बाई भेटल्या त्या आजारी पडल्यावर. आधीचं आयुष्य हाती लागायचं, तर धडधाकट असतानाच कुणीतरी म्हणावं लागतं, 'मला दरवर्षी तपासा आणि मी गेल्यावर माझा मेंदू घ्या.'

असं म्हणणाऱ्या ६७८ बायका अमेरिकेत निघाल्या. 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या कॅथलिक संघातल्या त्या नन होत्या. १९८६ साली मिनेसोटा विद्यापीठातले तरुण साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्नोडन मॅनकेटो गावातल्या त्यांच्या मठात गेले आणि 'नन स्टडी' सुरू झाली. पुढे स्नोडन केंटकी विद्यापीठाच्या सँडर्स-ब्राउन केंद्रात आले आणि अभ्यास देशभरातल्या मठांत पोचला. पात्र असलेल्या १,०२७ सिस्टर्सपैकी ६७८ जणी तयार झाल्या. सगळ्यात लहान पंचाहत्तरची, सगळ्यात मोठी एकशे दोनची.

या बायकाच का? एका पंगतीतलं जेवण, एकसारखी घरं, सारखाच औषधोपचार. सिगारेट नाही, बाळंतपणं नाहीत, बहुतेकींचा पेशा शिक्षिकेचा. दोन माणसांच्या म्हातारपणात फरक का पडतो हे शोधताना पैसा, व्यसनं, राहणीमान यांचा गुंता आड येतो. इथे तो बराचसा आपोआप सुटला होता.

दरवर्षी तपासणी व्हायची. दहा शब्द दाखवायचे, काही मिनिटं दुसऱ्या कामात घालवायची आणि मग त्यातले किती आठवतात ते विचारायचं. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगायला लावायची. हे ऐकायला सोपं वाटतं. पण जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतलेल्या नव्वदीच्या शिक्षिकेला दहापैकी दोनच शब्द आठवतात आणि ते तिलाही कळतं, अशा वेळी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायला धैर्य लागतं. मला या अभ्यासातली सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते. मेंदूदानाच्या अर्जावर सही एकदाच करायची असते. आपली घसरण दुसऱ्याला मोजू देणं दरवर्षी नव्याने करावं लागतं.

मृत्यूनंतर मेंदू डॉ. विल्यम मार्क्सबेरी यांच्याकडे जायचा. तपासताना त्या सिस्टरला परीक्षेत किती गुण होते, हे त्यांना माहीत नसे. सिस्टर मेरी एकशेएकाव्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांचाही मेंदू असाच तपासला गेला. एकोणिसाव्या वर्षी आठवी झालेल्या असताना त्या शिकवायला लागल्या आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं शिकत शाळेचं शिक्षण पुरं केलं ते चाळिशी उलटल्यावर. शेवटपर्यंत त्यांना चाचण्यांत चांगले गुण पडत होते. मेंदूत मात्र अल्झायमरचे थर आणि गाठी भरपूर सापडल्या. म्हणजे रोगाच्या खुणा मेंदूत असूनही माणूस शेवटपर्यंत शहाणा, जागा, बोलता राहू शकतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्यांनी सिस्टर मेरींची गोष्ट ऐकावी.

दुसरा धागा जुन्या कपाटांत मिळाला. १९३० च्या सुमारास संघाच्या प्रमुखांनी तरुण सिस्टर्सना आपापलं चरित्र एका कागदावर लिहायला सांगितलं होतं. ते कागद मठांनी जपून ठेवले होते. भाषेच्या अभ्यासक सुझन केंपर यांनी दर दहा शब्दांमागे किती कल्पना गुंफल्या आहेत हे मोजलं. विशीत ज्यांची वाक्यं विचारांनी भरलेली होती, त्यांच्यात साठ वर्षांनी अल्झायमर फारच कमी आढळला. १९९६ साली हे प्रसिद्ध झाल्यावर जगभर चर्चा झाली. याचा अर्थ छान लिहिलं की रोग टळतो, असा घ्यायचा नाही. बालपणी मिळालेलं शिक्षण मेंदूला म्हातारपणासाठी काही शिल्लक देऊन जातं की रोगाचीच सावली इतक्या आधी पडलेली असते, हे केवळ एवढ्यावरून ठरत नाही. पण वार्धक्याची सुरुवात साठीत होत नाही, एवढं नक्की कळलं.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या शिकलेल्या बायकांचा हिशेब आपल्या उपयोगी कसा पडणार? शंका रास्त आहे. आपल्याकडे पहिली अडचण प्रश्नपत्रिकेचीच होती. जी बाई शाळेत गेलीच नाही, तिला वाक्य लिहायला सांगून तिची स्मृती मोजायची कशी? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी नवी चाचणी बसवली. वार उलट्या क्रमाने सांगा, असे साधे प्रश्न तिच्यात आले. त्यासाठी खेड्यांतल्या म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांचं बोलणं ऐकणारी माणसं लागली.

आज असं मोठं काम कर्नाटकात चालू आहे. कोलार जिल्ह्यातला श्रीनिवासपूर तालुका आंब्यांसाठी प्रसिद्ध. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राने तिथल्या पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचं ठरवलं. केंद्राच्या पहिल्या संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांनी हे काम उभं केलं. 'तुम्हाला काही झालेलं नाही, तरी तुमचं रक्त आणि वेळ द्या, मेंदूचं चित्र काढायला बंगळुरूला चला', हे शेतकऱ्याला पटवायला गावात ओळख असलेला कार्यकर्ताच लागतो. शोधनिबंधावर त्याचं नाव क्वचितच येतं. पण दारात त्याच्यावर विश्वास बसला नाही, तर पुढची सगळी यंत्रं रिकामी राहतात.

हे काम तातडीचं आहे. देशभर केलेल्या पाहणीवरून २०२३ साली अंदाज निघाला, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. आपल्या घरांत मात्र 'वय झालं, चालायचंच' म्हणून विषय मिटतो. आजी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते, सून चिडते आणि डॉक्टरकडे जायला दोन-तीन वर्षं लागतात.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. नन स्टडीतूनच १९९७ साली दिसलं, की मेंदूत रोगाच्या खुणा असतानाच त्यात बारीक पक्षाघातांची भर पडली, तर डिमेन्शिया उघड होण्याची शक्यता फार वाढते. म्हणून बदामांची चिंता सोडा आणि रक्तदाब, साखर सांभाळा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावायला लाजू नका. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून उठतो आणि एकटा पडतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने असे टाळता येण्याजोगे चौदा धोके मोजले. जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडलेला आहे, असा आयोगाचा हिशेब आहे. पहिलाच धोका लहानपणी शिक्षण न मिळण्याचा आहे. तेव्हा मुलीची शाळा सुटू न देणं हेही मेंदूच्या आरोग्याचंच काम.

आणि एक मागणं आहे. देहदान महाराष्ट्राला नवं नाही. मेंदूदानाचा विचार मात्र फार थोडे करतात. देहदानाचा अर्ज भरला की मेंदू संशोधनाला जातोच, असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूंची पेढी आहे, तशा पेढीसाठी वेगळी संमती लागते आणि मृत्यूनंतर काही तासांत हालचाल करावी लागते. म्हणून घरच्यांशी आधीच बोलून ठेवलं पाहिजे. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी निदान एवढं करावं. असा अभ्यास तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत आला, तर ओळखपत्र बघा, शंका विचारा आणि मग त्या कार्यकर्त्याला घरात घ्या. खरी उत्तरं द्या. पुढच्या वर्षी तो आला की पुन्हा द्या, आदल्या वर्षीपेक्षा कमी आठवलं तरीही द्या. तुमच्या नातवंडांच्या म्हातारपणावरचं औषध कधी निघालं, तर ते तुमच्या त्या उत्तरांच्या आधारावर निघालेलं असेल.