धरणाच्या पाण्यातील चोरटी मासेमारी
(महोत्सवी सभेत झालेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही मासेमारीचा विषय का निवडावा, असे कित्येकांस वाटेल. जुन्नर व आंबेगाव हे डोंगराळ तालुके. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. परंतु कुकडी, मीना व घोड या नद्यांवर माणिकडोह, वडज व डिंभे ही धरणे झाली, तेव्हापासून आपल्या दाराशीही लहानसे सागरच उभे राहिले आहेत. आणि सागरावरील अनीतीही त्यांच्यामागून येथे आली आहे.

ती अनीती कोणती? विणीच्या हंगामात, १ जून ते ३१ जुलैपर्यंत, किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. प्रखर दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करून धरण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. महाराष्ट्राने आपला १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ साली अधिक कडक केला. तरीही चोरटी जाळी पडतच आहेत.

आता आपल्या धरणांकडे वळू. कटला, रोहू व मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. सबब बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. बारीक आसाच्या जाळ्याने ती उपसणारा मनुष्य पेरलेले बियाणेच उकरून खातो. सुरुंगाची दारू आणि विष यांनी तर लहानथोर सर्वच जीव नाश पावतात. हे दोन्ही प्रकार १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहेत. तेव्हा उणीव कायद्याची नव्हे, राखणदाराची आहे.

राखणदार कसा निर्माण होतो, हे डिंभ्याने दाखविले आहे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या आदिवासी बांधवांनी श्रीमती कुसुम कर्णिक व श्री. आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साहाय्याने मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले. या कार्यास २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्याचे शेत बुडाले, त्यास त्याच पाण्यावर हक्क लाभला, म्हणजे तो ते पाणी शेतासारखे राखतो. म्हणूनच रात्री बोटुकली नेणारा चोर सरकारास नव्हे, तर या गरिबांच्या चुलीस लुटतो.

बंधुजनहो, यात आपलाही वाटा आहे. उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करून मासळी आणतो. बोटभर मासळी स्वस्त मिळाली की आपणांस आनंद वाटतो. परंतु गिऱ्हाईक नसेल तर चोर जाळे कशास टाकील? चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा सातव्या आज्ञेतून सुटत नाही. घरट्यातील पिले घेतली तरी आईस सोडून द्यावे, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे. पुढील पिढीचे बीज राखावे, हाच त्याचा बोध होय. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीविषयी चिंता व्यक्त केली.

तरी या महोत्सवाचे स्मरण म्हणून आपण एवढे ठरवू या : बोटुकली विकत घ्यावयाची नाही, बारीक आसाचे जाळे घरात ठेवावयाचे नाही, आणि विष अथवा दारू वापरणारा दिसल्यास गप्प बसावयाचे नाही. पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून संत पेत्राने किनाऱ्यास ओढलेल्या जाळ्यात १५३ मासे होते. ते मोठे मासे होते, हे शुभवर्तमानकार आवर्जून सांगतो; आणि जाळे फाटले नाही, हेही. तसा निर्दोष लाभ आपल्या जलाशयांस व त्यांवर पोट भरणाऱ्यांस घडो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.