सामाईक गच्ची आणि विजेचे बिल
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागून या माळरानावर कारखान्यांची रांगच लागली. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्या भोंग्याच्या हाकेला ओ देऊन येथे आली. वीज हा या वस्तीचा प्राण होय. म्हणून तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

भारनियमनाचे दिवस कोणी विसरलेले नाही. 2006 साली पुणे व पिंपरी-चिंचवडने त्यावर तोड काढली. कारखानदारांनी आपली डिझेलची जनित्रे चालवून सार्वजनिक वाहिनीवरचा भार हलका करावयाचा आणि जादा खर्च ग्राहकांनी मिळून सोसावयाचा. दिवे लागले खरे, पण डिझेलच्या धुरावर. आता तोच भार धुराविना उचलण्याची सोय झाली आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. तिची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत ठरविली आहे. स्वतंत्र घरास तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. चाकणकडे ज्यांची स्वतःची घरे आहेत, त्यांचे काम सोपे. परंतु चिखली, मोशी, रावेत येथे सदनिकांत राहणाऱ्या आपल्या बांधवांना स्वतःचे छप्परच कोठे आहे? गच्ची सर्वांची, म्हणजे व्यवहारात कोणाचीच नाही!

योजनेने त्यांनाही वगळलेले नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे यांसाठी गृहनिर्माण संस्थेस किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. दहा किलोवॅटच्या संचास सुमारे हजार चौरस फूट जागा लागते. तो महिन्याकाठी सरासरी हजारभर युनिटे देतो, पावसाळ्यात अर्थात कमी.

घोडे अडते ते सभेत. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, स्लॅब गळेल. आजीबाई विचारतात, कुरडया वाळवायच्या कोठे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी गच्चीची गळती बंद करावी, मगच सांगाडा बसवावा. आणि एक कोपरा उन्हाला मोकळा ठेवावा, कारण कुरडईला सावली चालत नाही. गावी एकाच विहिरीवर चार भाऊबंदांच्या मोटा पाळीपाळीने चालतच होत्या ना?

दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. अनुदान संच बसल्यानंतर बँकेच्या खात्यात जमा होते. तोवर पैसा आपणच उभा करावयाचा. दुसरे, बॅटरी नसलेला साधा संच वाहिनीवरची वीज गेली की आपोआप थांबतो. खांबावर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी ही योजना आहे; म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट चालेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

ज्या संस्थांचे पदाधिकारी येथे उपस्थित आहेत, त्यांनी सामाईक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिले घेऊन येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. वीजखात्यातून निवृत्त झालेले आपले दोन सभासद हिशेब मांडून देण्यास बसणार आहेत. चहा मंडळाचा.